ताईचं ‘माहीत नाही’

ताई,

मृत्यू ज्यानं जवळून पाहिला, त्याला मग कशाचंच भय उरत नाही.

हे वाक्य माझं नाही. परवा तुझ्या शोकसभेत इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष ते म्हणाले. म्हणताना त्यांनी माझ्याकडे हात केला, कारण तुझा मृत्यू सगळ्यांत जवळून मी पाहिला असं त्यांनी धरलं होतं. सभागृहातल्या सगळ्या माना वळल्या. मी पहिल्या रांगेत, दोन्ही पाय वर घेऊन, खुर्चीवर मांडी घालून बसलो होतो. खुर्चीखाली कुत्रं शिरलं होतं.

लोकांना ती शोकाची बैठक वाटली असावी. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. कुत्रं निवांत झोपलं, भाषण पाऊण तास चाललं आणि माझ्या गुडघ्यांना मुंग्या आल्या. अध्यक्षांनी तुला ‘निर्भयतेची मूर्ती’ म्हटलं. तू फुग्यांना घाबरायचीस. शेजारच्या पोरांच्या वाढदिवसाला फुगे फुगवायला लागले की तू कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात जायचीस आणि केक कापून झाला की बाहेर यायचीस. हे मी व्यासपीठावर सांगणार होतो, पण त्यासाठी पाय खाली सोडावे लागले असते.

मंडळाच्या अंकासाठी सचिवांनी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. “जरा डोळ्यांत पाणी येईल असं लिहा सर,” म्हणाले. तू फॅक्टरीच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होतीस, भाऊजी गेल्यावर रांझीच्या या घरात परत आलीस, बिनलग्नाच्या धाकट्या भावाला सांभाळलंस, हे सगळं अध्यक्षांनी सांगून टाकलं आहे. उरलं ते पायरीवर जे व्हायचं ते. ते फक्त तुला आणि मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

संध्याकाळी मी बाजारातून यायचो आणि दाराबाहेरच्या पायरीवर उभा राहायचो. पायजमा गुडघ्यापर्यंत वर. तू चष्मा लावून, टॉर्च घेऊन बाहेर यायचीस.

“कुठं?”

“डाव्या पोटरीला. भाजीच्या गल्लीत. मागून गेलं. ओलं लागलं.”

“ओलं म्हणजे?”

“लाळ असू शकते.”

“पालकाचं पाणी असू शकते. भाजीवाला शिंपडून राहिला असेल.”

“असू शकते म्हणजे नक्की नाही न?”

तू खाली बसायचीस. गुडघे दुखायचे तुझे, तरी बसायचीस. पोटरीवर टॉर्च फिरवायचीस, जशी वॉर्डात कुणाची जखम बघत असशील तशी, गंभीरपणे. “दात नाही, ओरखडा नाही. काही नाही लागलं.”

“नक्की?”

“नक्की.”

“पुन्हा एकदा सांग.”

“नाही लागलं, दिन्या. चल आत. पोळ्या थंड होऊन राहिल्या.”

तीन वेळा ‘नाही’ ऐकलं की मी आत यायचो आणि पाय साबणानं धुवायचो. मग चहा झाल्यावर पुन्हा. तू माझ्यावर कधी हसली नाहीस. हे खोटं लिहिलं. हसायचीस, पण टॉर्च बंद केल्यावर.

मी कोण होतो हे आठवून बघ. शेजाऱ्यांच्या ग्रहशांतीतून मध्येच उठून जाणारा. मंडळाच्या स्मरणिकेतला ‘गौरवशाली इतिहास’ वाचून त्यातल्या चुका लाल शाईनं दाखवून अंक परत पाठवणारा. पस्तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवताना ‘पुरावा काय?’ असं विचारायची सवय लावणारा. एकाही ग्रहावर माझा विश्वास नव्हता. दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या बनियनला एखाद्या कुत्र्यानं नाक लावलं असेल, यावर मात्र पूर्ण श्रद्धा होती. पुरावा मागायचं मला तिथं कधी सुचलं नाही.

सुरुवात बहुतेक कुंडमला झाली. पहिली नोकरी. ज्यांच्या घरी मी चहा प्यायचो, त्यांची म्हैस पिसाळली, आणि दूध प्यायलेलं अर्धं गाव सुईसाठी रांगेत उभं राहिलं. मी पहिली बस पकडून तुझ्याकडे आलो. तू शांतपणे विचारलंस, “चहा उकळला होता न?” उकळला होता. “मग काही नाही.” तरी मी पोटात चौदा सुया घेतल्या, आणि त्यातल्या नऊ तूच टोचल्यास, कारण माझी तगमग तुला बघवेना. पुढं मी तीन वेळा सगळा कोर्स घेतला. एकदा माकडासाठी, एकदा वटवाघळासाठी, जे मी पाहिलंही नव्हतं. एकदा कशासाठी ते आता आठवत नाही.

तुला मात्र कुत्रं खरंच चावलं होतं. दोनदा. तू नळाखाली पाय धरून घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणानं धुतलास, रिक्षानं जाऊन सुई घेऊन आलीस, पुढच्या तारखा कॅलेंडरवर लिहिल्यास आणि भेंडी चिरायला बसलीस. मी दोन पावलं लांब, दारात उभा. तू म्हणालीस, “चावलं तर धुवायचं, सुई घ्यायची, एकही तारीख चुकवायची नाही. नाही चावलं तर विषयच नाही. याच्यात घाबरायला जागा कुठं हाय?” जागा होती, ताई. नाही चावलं आणि विषय नाही, याच्या बरोबर मधे. मी तिथंच राहायचो.

मग तू मला फसवलंस. “मला झोप येत नाही, मेंदूच्या डॉक्टरला दाखवायचं आहे, सोबत चल,” म्हणालीस. मी सोबत म्हणून गेलो. आत गेल्यावर तू खुर्चीत बसलीस आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, “नींद इनके कारण नहीं आती. इनको देखिए.”

डॉक्टर लहान वयाची होती. माझ्या शेवटच्या बॅचच्या पोरींएवढी. तिनं विचारलं, “सर, आपको खुद लगता है कि यह डर बेतुका है?”

“जी, बिलकुल. मैंने इस पर काफ़ी पढ़ा है.”

“फ़ायदा हुआ?”

“शब्द आ गए.”

ती हसली, आणि मग माझ्याकडे पाठ केल्यासारखी तुझ्याकडे वळली. “दीदी, जब ये पूछते हैं, तब आप क्या कहती हैं?”

“सच कहती हूँ. नहीं लगा.”

“कितनी बार?”

तू माझ्याकडे बघितलंस. “तीन.”

“अब से एक बार भी नहीं. आपके ‘नहीं’ से इनको घंटे भर का आराम मिलता है, और डर को अगले दिन की खुराक. पूछें तो बस इतना कहिए, पता नहीं.”

घरी येताना रिक्षात तू भाजीचंच बोलत होतीस. मला वाटलं, डॉक्टरीण तुला पटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पायरीवर आलो. पायजमा वर केला. तू आलीस, चष्मा नव्हता, टॉर्च नव्हती.

“ताई, उजव्या पायाला बघ.”

“काय बघू?”

“लागलं का?”

“माहीत नाही.”

मला वाटलं, चेष्टा करतेस. “ताई, बघून सांग न.”

“माहीत नाही, दिन्या. भाजी फोडणीला टाकली आहे, मी चालली.” आणि तू खरंच आत गेलीस.

मी त्या पायरीवर किती वेळ उभा होतो ते मोजलं नाही. गल्लीतले दिवे लागले. आत आलो तेव्हा माझी पोळी झाकून ठेवलेली होती, आणि मी तुला जे बोललो ते या अंकात छापण्यासारखं नाही. तीस वर्षं नर्स होतीस, दातांची खूण तुला कळत नाही होय, असं काहीतरी. दगाबाज म्हटलं. हा शब्द मी इतिहासाच्या तासालासुद्धा जपून वापरायचो.

आठ दिवस आपण बोललो नाही. नवव्या दिवशी भांडलो. ते भांडण अजून संपलेलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. तू म्हणालीस, “तुला शंभर टक्के पाहिजे. मी तुला नव्याण्णव देऊन राहिली वीस वर्षं. नव्याण्णववर तुझं समाधान नाही. देव मानत नाही म्हणतोस न? मग या एका टक्क्याची पूजा काहून करून राहिला?”

मी म्हणालो, “त्या एका टक्क्यात माणूस मरतो.”

तू म्हणालीस, “आणि नव्याण्णवमध्ये काय करून राहिला तू? जगून राहिला?”

मी उत्तर शोधत होतो. अजून शोधतो आहे. तू वाट न बघता गेलीस, हे तुझ्या स्वभावाला धरून नाही.

‘माहीत नाही’ दोन वर्षं चाललं. पायरीवरचा माझा तास हळूहळू अर्धा झाला. काही दिवस पाव. मधेच एखाद्या आठवड्यात पुन्हा दीड तास. मी बरा झालो असं कुणी समजू नये, खुर्चीवरच्या मांडीनं ते सिद्ध केलंच आहे. पण एका संध्याकाळी मी बाजारातून आलो, पिशवी ठेवली, वर्तमानपत्र उघडलं, आणि दुसऱ्या पानावर आल्यावर लक्षात आलं की आज मी पायरीवर थांबलोच नाही. तू दारातून बघत होतीस. त्या दिवशी कांद्याची भजी केलीस. मी विचारलं, “आज काय आहे?”

“माहीत नाही,” म्हणालीस.

तेव्हा मी तुला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, मीठ कमी आहे.

आता जे मला गेल्या आठवड्यात कळलं ते. पांडे चाची समाचाराला आल्या होत्या. त्यांच्या खिडकीतून आपली पायरी दिसते, आणि आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दाराच्या आतली बाजूही. म्हणाल्या, “भैया, आप बाहर खड़े रहते थे न, दीदी भी अंदर खड़ी रहती थीं. दरवाज़े के पीछे. हाथ में टॉर्च लेकर. मैंने एक दिन कहा, अरे दीदी, बेचारे को दिखा दो न. तो बोलीं, नहीं, डॉक्टर ने मना किया है. और रोती जाती थीं.”

म्हणजे फोडणीची भाजी नव्हती. मी तासभर बाहेर, तू तासभर आत, मधे एक दार, आणि तुझ्या हातात टॉर्च. मला वाटत होतं की मी एकटा उभा आहे. गंमत बघ, तेव्हा नव्हतो. आता आहे.

आता ते रॅम्पचं सांगतो, जे अध्यक्षांना माहीत नाही.

तुला अर्धांगवायूचा झटका आला. चार दिवस तू दवाखान्यात होतीस, दुसऱ्या मजल्यावर. चौथ्या दिवशी दुपारी मी अंघोळीला घरी आलो आणि परत जाऊन फाटकापाशी पोचलो, तेवढ्यात वॉर्डातून फोन आला. “भैया, आप जल्दी आ जाइए.” स्ट्रेचर नेतात तो रॅम्प माझ्या समोर होता, सरळ तुझ्या वॉर्डापर्यंत जाणारा. आणि रॅम्पच्या तोंडाशी, आडवं, एक पिवळं कुत्रं झोपलं होतं. बाजूनं जायला वीतभर जागा होती. लोक जात होते. एक म्हातारी त्याच्यावरून पाय टाकून गेली.

मी गेलो नाही. इमारतीला वळसा घातला, धुण्याच्या खोल्यांमागून मागच्या फाटकातून आलो, तिथला जिना बंद होता, पुन्हा पुढं आलो, ओपीडीच्या गर्दीतून वर चढलो. वीस मिनिटं लागली. तुझ्या तोंडावर चादर ओढलेली होती.

मी वॉर्डातल्या सिस्टरला विचारलं, “इन्होंने मुझे पूछा था क्या?”

“नहीं भैया, होश में ही नहीं थीं.”

“पक्का?”

“पक्का.”

“एक बार ठीक से याद करके…”

तिला काही कळलं नाही. मला कळलं. तो पायरीवरचा आवाज होता, फक्त पायजमा खाली होता.

तेराव्याला पंडितजींनी पत्रावळीवर गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा वाटा वेगळा काढायला सांगितला. आपले गुरुजी गेल्यापासून हे ग्वारीघाटचे पंडितजीच येतात आणि मराठी घरात हिंदीत विधी करतात. मी कुत्र्याचा वाटा चिमट्यात धरून दारापर्यंत नेला. पंडितजी म्हणाले, “भैयाजी, चिमटे से नहीं. आत्मा को कष्ट होगा.” मी म्हणालो, “आत्मा नर्स थी, समझ जाएगी.” ते रागावले. मग मी हातानं पत्रावळ पायरीवर ठेवली आणि दार लावून घेतलं. ती खरं तर कलेक्टरसाठी होती. आपल्या गल्लीतल्या त्या काळ्या कुत्र्याचं हे नाव तूच ठेवलं होतंस, कारण तो रस्त्याच्या मधोमध झोपतो आणि सगळ्यांना बाजूनं जावं लागतं. तू त्याला रोज शिळी पोळी द्यायचीस, लांब फाटकाबाहेर जाऊन, मला दिसणार नाही अशी. मला दिसायचं. मी खिडकीतून बघितलं. कलेक्टर आला, वास घेतला, माझ्या दाराकडे बघितलं आणि निघून गेला. सगळं गाईनं खाल्लं. पंडितजी म्हणाले, चलेगा.

तेव्हापासून माझ्या मनात एकच प्रश्न रोज उठतो. वीस मिनिटं आधी पोचलो असतो तर? तू डोळे उघडले असतेस का? दाराकडे बघितलं असशील का? सिस्टर ‘नहीं’ म्हणाली ते खरं, की समोर रडवेला म्हातारा बघून बोलली? सकाळी वाटतं खरं. दुपारी वाटतं नाही. मंगळवारी सकाळी दोन अंघोळी करूनही ते जाईना, तेव्हा मी पेढ्यांचा डबा घेऊन दवाखान्यात गेलो. वॉर्डाचे आभार मानायला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर तिला चौथ्यांदा विचारायला.

तेच पिवळं कुत्रं तिथंच झोपलं होतं. दवाखान्यात त्याची बदली होत नसावी.

मी बराच वेळ उभा राहिलो. मग घड्याळ बघितलं आणि त्याच्या बाजूच्या वीतभर जागेतून गेलो. धैर्य वगैरे नव्हतं. मला फक्त मोजायचं होतं. ताई, रॅम्पवरून तुझ्या वॉर्डापर्यंत जायला अडीच मिनिटं लागतात. माझ्या चालीनं.

सिस्टर दारातच होती. तिनं ओळखलं. डबा घेतला. “भैया, कुछ पूछना था?”

ती ‘नहीं’ म्हणाली असती. मला संध्याकाळपर्यंत बरं वाटलं असतं. बुधवारी मी पुन्हा गेलो असतो, डबा घेऊन. मला दाराच्या मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं, टॉर्च बंद करून.

“जी नहीं,” मी म्हणालो.

उतरताना कुत्रं जागं झालं होतं. त्यानं उठून अंग ताणलं आणि माझ्या डाव्या पोटरीला नाक लावलं. ओलं लागलं. या वेळी पालकाचं पाणी नव्हतं, एवढं नक्की. मग ते पुन्हा झोपलं.

घरी येऊन मी पायरीवर उभा राहिलो. पायजमा वर केला. आत कुणी नव्हतं, दाराला मीच लावलेलं कुलूप होतं. तरी मोठ्यानं विचारलं, “ताई, लागलं का?” समोरून पांडे चाचींनी खिडकीतून बघितलं आणि हळूच पडदा ओढला. तू मला पाहिलंस का, वाट बघितलीस का, माझ्यावर रागावून गेलीस का, हेही त्याच दमात विचारून घेतलं. उत्तर कुणी दिलं नाही, म्हणून मीच दिलं, तुझ्या सुरात. माहीत नाही. मग कुलूप काढून आत गेलो. फोडणीला टाकायला काही नव्हतं. कालची पोळी होती, ती अर्धी खाल्ली. अर्धी फाटकाबाहेर ठेवून आलो.

आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुत्र्याचं नाक लागल्यावर, मी पाय न धुता झोपलो. हे छापून आलं की अध्यक्ष म्हणतील, भावानं बहिणीला वाहिलेली हीच खरी श्रद्धांजली.

मंगळवारी नळ आला नव्हता, आणि टाकी सकाळच्या दोन अंघोळींतच संपली होती.